ट्रायलचा अर्धा तास

गल्लीत सुऱ्यांना धार लावणारा आला, की दगडावर घासलेल्या लोखंडाचा वास येतो आणि मला तो डिसेंबर आठवतो. दिवाळीनंतर आमची कंपनी बंद पडली होती. बायको-पोरांना चांदवडला तिच्या माहेरी सोडलं आणि नोकरी लागल्याबिगर न्यायला येणार नाही, असं सासऱ्यांना ठणकावून आलो. सातपूरच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर नोकरीसाठी ट्रायल होती. अर्ध्या तासात एक पिन बनवायची. लोखंड कापायला दिलेलं टूल बोथट होतं. बाकीच्यांनी तसंच काम उरकलं, मी आधी टूलला धार लावत बसलो. वेळ संपली तसा फोरमन आला. "काय मिस्तरी, पिन कुठंय?" "आत्ता करतो. बोथट टूलनं मी काम करत नाय." "मग घरी बसून लावा धार!" सगळे हसले. परतताना द्वारका चौकात चांदवडची एसटी उभी होती. कंडक्टर म्हणाला, "चला दादा, जागा हाय." मी मानेनंच नाही म्हटलं आणि थंडीत चालत खोलीवर गेलो. धार लावली ते चुकलं, असं मी आजही म्हणत नाही. पण त्या संध्याकाळी एकट्यापुरता भात टाकताना मूठभर तांदूळ हातात घेऊन मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो.