गाडेकरांच्या भंगारातली शिडाची बोट

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, हे आधी लिहून ठेवते. दहा वर्षं ओरडत होते, की ही कोळ्याची होडी नव्हे. पण मी सुमन गाडेकर, शिक्षण चौथी, धंदा भंगाराचा. माझं कोण ऐकणार? आमच्या श्रीगोंद्याच्या दुकानातून लोखंड एकवेळ उचललं जातं, किस्से मात्र साठतच राहतात. त्यातले बोटीचे तेवढे सांगते.

बोट मुंबईहून ट्रेलरवर आली. पोटाखाली शिशाचं मोठं धूड होतं, आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिला त्याच्यासाठीच घेतलं. शिसं विकलं, पितळ विकलं, उरलं लाकूड. ते लिंबाखाली पडून राहिलं.

येणारा-जाणारा म्हणायचा, "कोळ्याची होडी हाय."

मी म्हणायचे, "आत पलंग हाय, कपाट हाय, कपबश्या अडकवायला खाचा हायेत. कोळी काय माशांना चहा पाजीत हुता?"

माझा दीर बबन हसायचा. "वहिनी, तुमी समुद्र तरी बघितलाय का?"

"न्हाई बघितला. संसार बघितलाय!"

*

यंदा पुण्याचे, जहाजावरचे एक रिटायर कॅप्टन जुन्या बिजागऱ्या शोधत दुकानात आले. बिजागऱ्या राहिल्या बाजूला. बोटीभोवती तीन फेऱ्या मारल्या, फळीला कान लावला आणि म्हणाले, "बाई, ही शिडाची यॉट आहे. हौसेनं फिरायची. माझ्या वडिलांच्या वयाची असेल!"

मी बबनला तिथूनच हाक मारली, "आयकलं का रं?"

पण उशीर झाला होता. नगरच्या फर्निचरवाल्यानं सागवानासाठी विसार दिलेला. सोमवारी करवत लागणार होती.

कॅप्टन म्हणाले, "हिचं नाव कळलं तर जुने कागद निघतील. कुणी बांधली, कुणाची होती, सगळं कळेल. मग आमच्या यॉट क्लबातले लोक हिला उचलतील. निनावी लाकडाला कुणी विचारत नाही."

दहा वर्षं मी तिच्या सावलीत बसून तांब्याच्या तारा सोलल्या. तिचे सोफे झालेले मला बघवणार नव्हते. कॅप्टनला म्हटलं, "आज गुरुवार हाय. शोधू."

*

नाव बोटीच्या पाठीवर लिहिलेलं असतं म्हणे. पाठीवर रंग होता. मी चाकूनं रंग खरवडला. आत आणखी रंग! तोही खरवडला. अक्षरं दिसायला लागली तसे कॅप्टन गुडघ्यावर बसले.

अक्षरं निघाली 'हॉर्न ओके प्लीज'.

बबन मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, ट्रक रंगवायला पेंटर आला हुता. डब्यात रंग उरला, म्हनून म्हटलं हिला बी मार. मग अक्षरं बघून तुमी वरडाल म्हनून मीच वर दोन हात मारले."

"आन खालचं नाव?"

"त्यानं आधी पॉलिश पेपर मारला ना! काम लई चोख त्याचं."

"मुडद्या, हिला हॉर्न कुठं हाय?"

*

मग शिडाची आठवण झाली. ते पाटलांच्या मळ्यात गेलं होतं, कांदे झाकायला. शिडावर नंबर असतो, नंबरावरून नाव निघतं, असं कॅप्टन म्हणाले. आम्ही टेम्पो काढला.

पाटलांनी शिडाचे तीन तुकडे केलेले. पहिला आकडा कांद्यावर सापडला. दुसरा कडब्याच्या गंजीवर. कॅप्टननी दोन्ही आकडे कागदावर उतरवले. "तिसरा तुकडा कुठे?"

पाटलीणबाईंनी गोठ्याकडं बोट केलं. तिथं एक शेळी बांधलेली, तोंड हलत होतं.

कॅप्टननी तिला विचारल्यासारखं म्हटलं, "सात होता, की नऊ?"

*

शुक्रवारी संडास सापडला. बोटीतला, चिनीमातीचा, निळ्या फुलांचा. आमच्याच कोंबड्या त्यात पाणी प्यायच्या. कॅप्टननी तो धुतला, आतली बारीक अक्षरं वाचली आणि दोन्ही हात जोडले.

आमचे जुने भागीदार शकूरभाई बघत होते. ते म्हणाले, "भाभी, उमर गेली धंद्यात. संडासाला नमस्कार करनारा मानूस पहिल्यांदा बघितला!"

पण ते नाव संडास बनवणाऱ्याचं निघालं. बोटीचं नव्हे.

*

शनिवारी शकूरभाईंनी कपाळावर हात मारला. "घंटा! पितळेची घंटा हुती की बोटीवर!"

कॅप्टन उठूनच उभे राहिले. "घंटेवर नाव कोरलेलं असतंच! कुठे आहे ती?"

"देवीच्या देवळात गेली. कर्जतच्या अलीकडं."

आमचे मालक कोपऱ्यात वजनकाटा पुसत होते. ते म्हणाले, "माझ्या पोटात कळ आलीय. तुमीच जाऊन या."

"कळ टेम्पोत बी येती," मी म्हटलं आणि त्यांना पुढं बसवलं.

देवळात घंटा टांगलेली होती, धूर आणि तेलानं काळीकुट्ट. पुजाऱ्यांनी परवानगी दिली. कॅप्टननी चिंच लावून ती घासली आणि त्यांचा चेहराच उतरला. "अरेरे! कुणीतरी जुनं नाव कानशीनं घासलंय आणि वर आपलं कोरलंय!"

देवाला वस्तू दिली की तिच्यावर आपलं नाव पाहिजेच, ही आपल्याकडची खोड. माझं डोकं फिरलं. "कोन हाय त्यो? एवढी देवीला घंटा दिली, तर देवी काय तुला वळखत नव्हती?"

कॅप्टननी घंटेवर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून हलके हलके फिरवली. कानस सगळीकडं खोल गेली नव्हती. कागदावर एक इंग्रजी अक्षर उमटलं, मग दुसरं, मग अख्खी ओळ. कॅप्टननी तिथूनच क्लबाला फोन लावला. मग फर्निचरवाल्याला. "करवत आणू नका. बोट आमची!"

शकूरभाईंनी मला टाळी दिली. पुजाऱ्यांनी खडीसाखर वाटली. देवळातल्या बायका गोळा झाल्या. मालक मात्र चपला घालून टेम्पोकडं निघालेले.

"थांबा वो!" मी म्हटलं. "बोट वाचली, पन त्या कानशीवाल्याला मी सोडनार न्हाई. माझा चष्मा घरी राहिलाय. सर, तुमी वाचा वरचं नाव. मोठ्यानं वाचा, सगळ्या गावाला कळू द्या!"

कॅप्टन मला 'बाई' म्हणूनच ओळखत होते. त्यांनी घंटा उजेडाकडं वळवली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "सौ. सुमन विठ्ठल गाडेकर."