अरे रवी, दार लाव!

हसायचं नाही, असं आधीच बजावते. पण तुम्ही हसणारच. मीसुद्धा हसले, तेही नवऱ्याच्या, रवीच्या, पहिल्या स्मृतिदिनाला, भन्तेजींच्या समोर!

रवीला मेटलकोरचं वेड होतं. म्हणजे काय? गिटार, ड्रम आणि त्यावर कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडतंय. वीस वर्षांपूर्वी या प्रकाराची चलती होती, तेव्हा रवी आणि त्याचा मित्र प्रकाश पवईत कॉलेजच्या मुलांसमोर वाजवायचे. पुढे त्यांचा बँड मोडला, प्रकाशचे केस गेले, तो बँकेत मॅनेजर झाला. रवी मात्र दर रविवारी चारकोपच्या आमच्या घरात, आतल्या खोलीत त्या काळातला एकेक अल्बम काढून बसायचा. आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "अरे रवी, दार लाव!"

लावतोय कुठला! "एक गाणं तरी पूर्ण ऐक ना गं," म्हणायचा. कधी ऐकलं नाही मी.

म्हणून ठरवलं, सोसायटीच्या हॉलमध्ये बुद्धवंदना झाली, की श्रद्धांजलीला सगळे उभे राहतील तेव्हा त्याचं एक गाणं लावायचं. चारचौघांत, मानाने. त्या दिवशी एवढं एकच मला नीट करायचं होतं.

सीडींवर कवट्या, जळके पंख, रक्ताळलेले हात. एकीवर मात्र नुसतं पांढरं फूल! ती लावली. हळुवार गिटार, मागे पाऊस. डोळे भरून आले हो! मिनिटभर ऐकलं, तेवढ्यात पुरीभाजीवाल्याचा फोन आला, बंद केली.

"दादा इतकं शांत काही ऐकायचा?" माझी नणंद सुषमा चकित.

"तुम्ही कुणी त्याचं कधी नीट ऐकलंच नाही," मी ऐटीत म्हणाले. मी!

हॉलमध्ये प्रकाशने सीडी बघितली आणि गहिवरला. "वहिनी, हीच? नक्की?"

"हीच. पूर्ण लावा. आणि आवाज मोठा ठेवा."

"मानलं तुम्हाला, वहिनी!"

का मानलं, हे विचारायला नको होतं मी?

वंदना झाली. सगळे माना खाली घालून उभे. गिटार सुरू झाली. भन्तेजींनी डोळे मिटले. शेजारच्या सावंतकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. सुषमा कुजबुजली, "किती गोड गं, वहिनी!"

आणि धडाड्! ड्रम कोसळले, खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि एक माणूस असा किंचाळला, जणू त्याचा पाय दारात चेंगरला असावा. नंतर कळलं, त्या काळातल्या अल्बमांची रीतच ती. आधी गोंजारायचं, मग थोबाडायचं!

"अगो बाय माझ्या, ह्यां काय!" सावंतकाकू. पण हलल्या नाहीत. कुणीच हललं नाही! घरच्यांनी 'बसा' म्हटल्याशिवाय श्रद्धांजलीला उभं राहिलेलं माणूस बसतं का कधी? पन्नास माणसं ताठ, माना खाली, आणि वर ती किंकाळी. एकटा प्रकाश टक्कल गदागदा हलवत रडत होता.

'बसा' म्हणायचं होतं मला. एवढा एकच शब्द. तोंड उघडलं, आणि वीस वर्षांच्या सवयीने फोटोकडे बघून कडाडले,

"अरे रवी, दार लाव!"

भन्तेजींनी एक डोळा उघडला. सुषमाचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, तर ओढणी तोंडात कोंबून हसत होती! मग मीही सुटले.

आणि सावंतकाकू? त्या लगबगीने गेल्या, हॉलचं दार लावलं, वर कडीही घातली आणि परत जागेवर येऊन मान खाली घालून उभ्या राहिल्या.

वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या एका हाकेत दार लागलं. फक्त या वेळी मी आत होते. पूर्ण ऐकावं लागलं.