धुराड्यातला बोळा

निमगाव सावाच्या घरात लेकानं थंडीसाठी भिंतीत शेकोटी बांधून घेतली. "त्या धुराच्या पाईपातून साप-बिप उतरंल," माझी बायको कुरकुरत होती. काल पहिल्यांदाच पेटवली, तर खोली धुरानं भरली. "मिस्त्रीनं फसवलं!" लेक म्हणाला आणि मला लहानपणची आमची बिनधुराची चूल आठवली.

तीही आईला कधी पटली नव्हती. चुलीवर आढ्याला बियाण्यासाठी राखलेली मक्याची कणसं टांगलेली असायची. "धूर समदा वर गेला, तर कणसांना किडा न्हाई का लागायचा?" ती म्हणायची. थोडे दिवस धूर नीट गेला, मग घरातच कोंडू लागला. कोंडलेल्या धुरात माणूस झोपेतच जातो, हे तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक होतं!

वडलांचा संशय चूल बांधणाऱ्या मिस्त्रीवर. त्याला बोलावून दारातच झापलं, "राव, पाईप चुकीचा बसवलाय तुमी."

"भाऊ, आधी वर चढून बघा, मग बोला."

वडील कौलांवर चढले. पाईपातून त्यांनी काजळीनं माखलेला चिंध्यांचा बोळा ओढून काढला. त्याला आईच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ होता. आई कणसांकडं बघत उभी होती.

"पाखराचं घरटं व्हतं," वडील वरूनच म्हणाले. मिस्त्रीला चहा पाजला. मग कणसं उतरवून त्यांनी स्वतःच परसातल्या पाणी तापवायच्या चुलीवर टांगली.

लेक काल मिस्त्रीला फोन लावत होता. मी आधी बायकोकडं पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.