न्हावऱ्यात गाजलेलं नारिंगी पेडल

"सॅम, तू वाजवतोस का नुसता उभा राहतोस?" आप्पांनी विचारलं.

दौंडला रेल्वे क्वार्टर्सच्या मागं एका हॉलमध्ये आमच्या ऑर्केस्ट्राची प्रॅक्टिस चालू होती. आप्पा मालक होते आणि तोंडानं फटकळ. मी त्यांच्याकडे सात वर्षं बेस गिटार वाजवत होतो.

"वाजवतोय की, आप्पा."

"मग मला का ऐकू येत न्हाई? रांजणगावच्या कंपनीचा प्रोग्राम आलाय. तिथल्या साहेबांना रॉक पाहिजे. आपला किबोर्डवाला म्हणतोय, बेस मी डाव्या हातानं वाजवतो. जीपमधली एक सीट रिकामी होईल. रांजणगावात तुझा बेस ऐकू आला तर तू ऱ्हा. न्हाईतर बघू."

'न्हाईतर बघू' म्हणजे काय ते मला कळत होतं.

बेस गिटारला चार जाड तारा असतात. गाण्याच्या खाली जमीन धरणं हे तिचं काम. आमटीतल्या मिठासारखं आहे हे. आहे तोवर कुणी नाव काढत नाही. शिट्ट्या सगळ्या वरची सुरावट वाजवणाऱ्या लीड गिटारला. आमच्याकडे लीड वाजवायचा बाळू. न्हावऱ्याचा, धनगराच्या घरातला, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. मी शिरूरच्या मिशन कंपाउंडमध्ये वाढलो, चर्चमध्ये रीतसर नोटेशन शिकलो. हा पठ्ठ्या कॅसेट मागं-पुढं करून शिकलेला. कोणता सूर कुठला हे त्याला नावानं सांगता यायचं नाही, पण बोट बरोबर तिथंच पडायचं. ते बघून माझा जीव जळायचा. खोटं कशाला बोलू?

त्याच्या पायाशी एक नारिंगी पेडल असायचं. पेडल म्हणजे पायानं दाबायची लोखंडी डबी. गिटारची वायर तिच्यातून जाते. डिस्टॉर्शनचं पेडल आवाज मुद्दाम फाडतं, खरखरीत करतं. बाळूनं ते दाबलं की पहिल्या रांगेपासून झाडावर बसलेल्यांपर्यंत सगळे उठायचे. माझ्या डोक्यात एकच बसलं, आपल्यालाही ते पाहिजे.

पुण्यात एक दुकानदार आप्पांच्या ओळखीचा होता. त्यानं माझ्यापुढं दोन पेडलं ठेवली. एक अगदी बाळूसारखं, नारिंगी. दुसरं राखाडी, खास बेससाठी बनवलेलं. त्यावर ब्लेंड नावाचं एक बटण जास्त होतं. साधा आवाज किती आणि फाटलेला किती, हे त्या बटणावर ठरायचं. दुकानदार म्हणाला, "दोन्ही घेऊन जा. वाजवून बघा आणि नको असेल ते आठ दिवसांत परत करा."

त्याच आठवड्यात न्हावऱ्याची जत्रा होती. म्हणजे बाळूच्याच गावात. मैदानात खांबांना कर्णे बांधले होते. मी आधी राखाडी लावून बघितलं. आवाज मुळमुळीत. मग नारिंगी दाबलं.

सात वर्षांत पहिल्यांदा मला माझा बेस ऐकू आला. मैदानाच्या पलीकडून, गुरगुरत. पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली आणि एक शिट्टीही आली. बाळूच्या गावात, बाळूच्या भावकीसमोर, मला! मी ते पेडल पुढची तीन गाणी सोडलंच नाही.

कार्यक्रम संपल्यावर बाळू वायरी गुंडाळत जवळ आला.

"सॅमदादा, राखाडी ठिवा. नारिंगी परत करा."

"का रे?"

"हितं कर्णं हायती म्हणून घुमलं. रांजणगावात स्पीकरचं मोठं बॉक्स आसत्यात. तिथं ह्ये तुमचा बेस खाऊन टाकंल."

मी हसलो. मनात म्हटलं, बरोबर पोटात दुखतंय. गावातली शिट्टी माझ्याकडे गेली ते याला झोंबलंय. आता मला राखाडी डबी देऊन गप्प बसवायला निघालाय. त्याच्या जागी मी असतो तर मी हेच केलं असतं, म्हणून मला पुरती खात्री होती.

दुसऱ्याच दिवशी मी एसटीनं पुण्याला जाऊन राखाडी पेडल परत केलं.

रांजणगावचा कार्यक्रम दुपारी होता, पहिली पाळी सुटल्यावर. कंपनीच्या बस लागल्या होत्या. शेडमध्ये खुर्च्या, आणि स्टेजच्या दोन्ही बाजूंना कपाटाएवढे बॉक्स. साउंडचेकला मी नुसता साधा बेस वाजवला. आवाज थेट छातीत घुमला. आप्पांनी मान हलवली. पेडल मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. म्हटलं, एकदम दणका देऊ.

रॉकचं पहिलं गाणं सुरू झालं. मी नारिंगी दाबलं आणि बेस गेला.

म्हणजे आवाज येत होता, पण डबीत माशी अडकावी तसा. गाण्याखालची जमीन गायब. ड्रमवाला दचकून माझ्याकडे बघायला लागला. मी घाबरून आणखी जोरात वाजवलं तर माशीच मोठी झाली. आप्पांनी विंगेतून किबोर्डवाल्याला डाव्या हाताची खूण केली. त्यानं बेस धरला आणि गाणं सावरलं. सात वर्षांची नोकरी मला डोळ्यांदेखत जाताना दिसली.

कारण साधं आहे. लीडचं पेडल खालचे सूर कापतं, लीडला ते लागतच नाहीत. कर्ण्यातूनही खालचे सूर बाहेर पडत नाहीत, मधले आणि वरचे तेवढे पडतात. म्हणून जत्रेत माझं काहीच गेलं नव्हतं, उलट वरची गुरगुर मिळाली होती. इथं बॉक्स मोठे होते, पण त्यांना द्यायला माझ्याकडे खालचा सूरच उरला नव्हता. पेडल मी कर्ण्यावर पारखलं होतं आणि वाजवलं बॉक्सवर.

गाण्यानंतर मिमिक्रीवाला स्टेजवर गेला. दहा मिनिटं मिळाली. मी वायर काढून गिटार पेटीत ठेवायला लागलो, तेवढ्यात बाळू खाली बसला. त्यानं पिशवीतून एक वायर काढली. एका टोकाला एक पिन, दुसऱ्या टोकाला दोन.

"ह्यातली एक पिन सरळ मिक्सरला जाऊ द्या. दुसरी पेडलमधून. म्हंजी खालचं बी ऱ्हातंय आन् फाटलेलं बी येतंय. ब्लेंडचंच काम, दुसरं काय न्हाई."

सोल्डर ताजं दिसत होतं.

"कधी केलीस ही?"

"न्हावऱ्याहून आल्यावर."

"मग तेव्हाच द्यायची ना!"

बाळू पिन बसवत होता. मान वर न करता म्हणाला, "तवा घेतली आसती का तुम्ही?"

मी गिटार पेटीतून परत बाहेर काढली.

शेवटच्या रॉकच्या गाण्याला मी पुन्हा नारिंगी दाबलं. खाली जमीन, वर गुरगुर. पत्रे थरथरले. किबोर्डवाल्यानं डावा हात उचलून मांडीवर ठेवला. आप्पा विंगेतून आले, वायरीकडे बघितलं आणि म्हणाले, "ऱ्हा." आणखी पाच वर्षं मी राहिलो.

आता निवृत्त आहे. नवी पोरं पेडल विचारायला येतात. मी सांगतो, ज्या स्पीकरवर वाजवायचंय त्यावरच पारखा. आणि ज्याच्यावर जळता, त्याचा सल्ला आधी ऐका. तो वाजवणं चांगलं जाणतो, म्हणून तर जळता ना?

मी सुधारलो असं मात्र समजू नका. वाईट सल्ला दिला असता तर बाळूला शिव्या घालून मोकळा झालो असतो. त्यानं तेवढीही सोय ठेवली नाही.

त्या कार्यक्रमाची कॅसेट अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या गाण्यात बेस सुरेख वाजलाय, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. घरी कुणी आलं की मी हटकून ते गाणं लावतो. पाहुणे डोळे मिटून ऐकतात, मान डोलावतात आणि विचारतात, "लीडवर कोण आहे हो?"