दुखायचं थांबलं तेव्हा

"अपेंडिक्सच वाटतंय," सॅटेलाइट फोनवर डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा आमच्या चारी बाजूंना नुसतं पाणी होतं आणि सगळ्यात जवळचं बंदर तीन दिवस लांब होतं.

माझा नवरा नितीन मालवाहू जहाजावर इंजिनियर आहे. अधिकाऱ्यांना बायकोला सोबत नेता येतं, म्हणून मी अंबरनाथच्या माझ्या शाळेतून रजा काढून गेले होते. कोळशाच्या त्या जहाजावर मी एकटी बाई. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहणारी मी. समुद्र म्हणजे अलिबागला जाऊन भेळ खायची जागा, एवढीच माझी त्याच्याशी ओळख.

आदल्या दिवशी नितीनच्या बेंबीभोवती दुखायला लागलं. गॅस असेल म्हणून मी ओवा चावायला दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. नंतर उलटी झाली. सकाळी दुखणं खाली उजवीकडे सरकलं आणि ताप चढला. घरी असते तर रिक्षा करून स्टेशनजवळच्या दवाखान्यात गेले असते आणि वर तिथल्या रांगेवरून कुरकुर केली असती.

जहाजावर डॉक्टर नसतो, हे मला तिथे कळलं. औषधांचं कपाट सेकंड ऑफिसरच्या ताब्यात असतं. आमचा सेकंड ऑफिसर जॉर्ज, केरळचा, तिशीतला. इंजेक्शन द्यायला तो एका कोर्समध्ये शिकला होता, तेही रबराच्या हातावर. डॉक्टर फोनवर सांगायच्या, तो करायचा. पोट हळू दाबायचं आणि हात झटकन उचलायचा. उचलताना जास्त दुखलं तर त्याला 'रिबाउंड टेंडरनेस' म्हणतात, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराला सूज आलीय. नितीन कळवळला.

डॉक्टर मराठी निघाल्या. "ती गरम पिशवी आधी काढा," त्या मला म्हणाल्या. "एरंडेलबिरंडेल काही देऊ नका. आणि 'निल बाय माउथ'. म्हणजे तोंडाने काही नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही."

सलाईन लागलं, अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू झाली. हेलिकॉप्टर एवढ्या लांब येऊ शकत नव्हतं. कॅप्टनने जहाज मॉरिशसकडे वळवलं.

जहाजाचा दवाखाना म्हणजे एक पलंग, एक बेसिन आणि एक गोल खिडकी. मी नितीनच्या ओठांना ओला कापूस लावत बसायचे. सासूबाईंचा मेसेज आला, "जेवलात का दोघं?" मी "हो" लिहिलं. खोटं लिहिलं, पण बदलापुरात बसून त्या बिचाऱ्या काय करणार होत्या?

दुसऱ्या दिवशी दुपारी नितीन म्हणाला, "मृणाल, थांबलं गं. दुखतच नाहीये." त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. "थोडा मऊ भात खाईन म्हणतो."

आपल्याकडे आजारी माणसाने तोंडाने खायला मागितलं की घराच्या जिवात जीव येतो. डॉक्टरांचं सगळं सांगणं मी विसरले आणि गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, धावले. कुक हरेश आपल्या उल्हासनगरचा, कॅम्प तीनमधला सिंधी. "झूलेलालने सुन ली, भाभी," म्हणत त्याने लगेच भात टाकला. घरून आणलेलं मेतकूट मी वर पेरलं.

चमचा नितीनच्या तोंडापाशी नेला आणि जॉर्ज नाडी मोजायला आला. मनगट धरून त्याने ती दोनदा मोजली. मग म्हणाला, "भाभी, रुको."

मला असा राग आला! "अरे, दोन दिवस उपाशी आहे माणूस. दुखायचं थांबलंय ना त्याचं!" मी मराठीतच तडकले.

"दर्द गया, फिर पल्स क्यों बढ़ा?"

फोन लागेपर्यंत वाटी माझ्या हातातच होती. पोट कडक लागतंय का, डॉक्टरांनी विचारलं. जॉर्जने हात ठेवला. लाकडी पाटासारखं लागत होतं.

"अपेंडिक्स फुटलं असावं," डॉक्टर म्हणाल्या. "याला 'परफोरेशन' म्हणतात. फुटलं की आतला ताण जातो, म्हणून थोडा वेळ दुखत नाही. पण घाण पोटात पसरत असते. ताई, त्यांना बरं वाटतंय, ते बरे नाहीयेत. काही भरवलंत का?"

"नाही," मी म्हटलं. वाटी खाली ठेवली.

तुमच्या घरी कुणाचं पोट असं दुखत असेल तर एवढं ध्यानात ठेवा. औषधाने हळूहळू उतरलेलं दुखणं वेगळं आणि अचानक गायब झालेलं वेगळं. अचानक गेलं तर भात टाकू नका, डॉक्टरला गाठा.

डॉक्टरांनी इंजेक्शनं वाढवली, त्याला अर्धवट बसतं ठेवायला सांगितलं. दुखणं परत आलं, या वेळी सगळ्या पोटात, आणि मग तो बोलेनासाच झाला. हाक मारली की पापण्या हलायच्या, बस्स. मी सारखी हाका मारत होते. तो जाईल अशी मला भीती वाटत होती आणि ती बोलून दाखवायला आपलं माणूस तिथे कुणी नव्हतं. इंजिनरूममधली त्याची माणसं पाळी संपली तरी वर आली नाहीत, असं हरेशने सांगितलं. जहाज जेवढं पळू शकत होतं तेवढं ती पळवत होती.

मॉरिशसच्या बंदराबाहेर आम्हाला न्यायला बोट आली. नितीनला स्ट्रेचरला बांधून दोरांनी खाली सोडलं. मी शिडीवरून उतरले, कशी ते विचारू नका. जॉर्ज कठड्याशी उभा होता. त्याला थँक्यू म्हणायचं राहून गेलं, ते इथे म्हणते.

ऑपरेशननंतर सर्जन म्हणाले, "पोटात पू झाला होता. धुऊन काढलाय. आता ते कसा प्रतिसाद देतात, ते बघायचं." मी काचेच्या दाराबाहेर बाकावर बसून राहिले. मग नर्सने आत बोलावलं.

त्याचे डोळे मिटलेलेच होते. मी हात धरला. बऱ्याच वेळाने तोंड वेडंवाकडं झालं, ओठ हलले.

"मृणाल... खूप दुखतंय गं."

मी हुंदके देऊन रडायला लागले. नर्स बिचारी घाबरून इंजेक्शन आणायला धावली.

"दुखू दे," मी म्हटलं. "दुखू दे रे राजा."