उनाइसीमावशीचं जेवण

आमच्या फिजीत दारावरून कुणी गेलं की घरातून हाक येतेच, "ये गं, जेवायला ये!" त्यामुळे आमच्या गावची आरोग्यसेविका उनाइसीमावशी वीस वर्षं दुपारी स्वतःच्या चुलीकडे फिरकली नाही. घरोघर बीपी मोजत जायची आणि जिथे भूक लागेल तिथे बसून मासा आणि उकडलेला कसावा कंद खायची.

आता दवाखान्याने प्रत्येक घरी बीपीचं यंत्र दिलंय. पट्टा आपणच दंडाला बांधायचा, आकडा थेट मावशीच्या टॅबवर जातो.

"बरं झालं मावशी, तुझी पायपीट वाचली," मीच शहाणी म्हणाले होते.

परवा लिंबं मागायला गेले, तर ती एकटीच चहात बिस्किट बुडवत बसलेली. तिने स्वतःचं बीपी मोजलं होतं आणि टॅबवर लाल अक्षरं आली होती: 'आरोग्यसेविकेने आजच या घरी जावे.'

"अगं बाई! मग काय केलंस?"

"काय करणार? बाहेर गेले, पायरीवर चपला काढल्या आणि परत आत आले," ती म्हणाली. "पण जेवायला ये म्हणून कुणी हाक नाही मारली बघ."