घोंगडीखालचा दोर

चोरीच्या फिर्यादी मी नोकरीत पोत्यानं घेतल्या. पण चोरीला काहीच गेलेलं नाही अशी फिर्याद एकदाच घेतली, आणि इतक्या वर्षांनंतरही गप्पांना बसलो की तीच आधी आठवते. नावं कुणाचीच सांगणार नाही. गाव मात्र आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं, मुरुमच्या बाजूचं.

सत्तरनंतरच्या मोठ्या दुष्काळाचे दिवस. मी नवा फौजदार होतो. विहिरी आटल्या होत्या आणि सरकारी कामावरची माणसं त्या खोल करायला दोराला धरून तळात उतरत होती. हे दोर आमच्या ठाण्याच्या गावातलीच एक सहकारी सोसायटी पुरवायची. केकताडाची, म्हणजे घायपाताची, पानं पाण्यात कुजवायची, ठेचून त्यांच्या धाग्यांचा वाख काढायचा आणि दोर वळायचे, यावर तिथली कुटुंबं जगत होती. दर सोमवारी ट्रक येऊन दोर घेऊन जायचा.

एका सकाळी सोसायटीचे चेअरमन ठाण्यात आले. गोदामात चोरी होतेय म्हणाले.

"काय गेलं?"

"गेलं काहीच नाही. माल पुरा भरतो."

"मग चोरी कसली?"

"तेच तर तुम्ही शोधायचं, साहेब. पुरा भरतो म्हणूनच संशय येतो."

स्टेशन डायरीत हे कसं लिहावं, या विचारात आमच्या ठाणे अंमलदारानं पेनाचं टोपण कितीदा तरी लावलं आणि काढलं.

संशय होता मुकादमावर. दोर तपासून पास करणं त्याच्याकडे, गोदामाची किल्लीही त्याच्याकडे. साठीचा माणूस, गावच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांच्या खालोखाल मान. चेअरमनच्या मेहुण्याला ती मुकादमी हवी होती, हे मला नंतर कळलं.

पक्की खबर दिली गोदामासमोरच्या चहावाल्यानं. "दर रविवारी म्हातारा घोंगडी पांघरून आत जातोय. या उन्हात घोंगडी, साहेब. कोंबडं सुदिक सावली सोडंना झालंय."

पुढच्या रविवारी मी आणि माझा हवालदार साध्या वेषात त्याच्या बाकड्यावर बसलो. हवालदार देहानं भारदस्त. वेष साधा असला तरी पोट खात्याचंच दिसत होतं. त्याची दुसरी भज्यांची प्लेट संपायला आणि मुकादम यायला एकच गाठ पडली. मी त्याला गोदामाच्या दारातच धरलं. घोंगडी उचलली, तर खाली नव्या दोराचं वेटोळं.

"कुठं नेत होता हे?"

"न्हेत न्हवतो, साहेब. आत ठिवाय आलोय."

ठाण्यात आणून बसवलं. चहा पाजला, दरडावलं, पुन्हा चहा पाजला. त्यानं घरचं, शेताचं, नातवंडांचं सगळं सांगितलं. दोराचं विचारलं की गप्प.

"तुमच्या पवित्र शास्त्रावर हात ठेवून सांगता का?"

"हात कशापाई ठिवू? म्या खोटं बोललोच न्हाय. गप हाय, एवढंच."

मी जरा डिवचलं. "आणि रविवारी तुम्ही लोक काम करत नाही ना?"

म्हातारा पहिल्यांदा चिडला. "ट्रक सोमवारी येतोय, साहेब. मला दुसरा दिस कंचा?"

तिथंच मला धागा सापडला. ट्रक येण्याआधी तो दोर बदलत होता. म्हणजे चांगला दोर आत ठेवायचा आणि दुसरा बाहेर काढायचा. "काढलेले दोर कुठं आहेत?" मी विचारलं. त्याची नजर खिडकीतून चर्चकडे गेली. पोलिसाला तेवढं पुरतं.

मुकादमाला घेऊन चर्चमध्ये गेलो तेव्हा उपासना नुकतीच संपली होती. प्रवचनाच्या जागी लाकडी चौथरा होता. त्याची फळी उचलली, तर खाली दोरच दोर. पाळकसाहेबांनी डोक्याला हात लावला. "दर रविवारी मी यांच्यावर उभा राहून बोलतोय?"

दोर दिसायला झकास होते. अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला एक बांधला आणि हवालदाराला लोंबकळायला सांगितलं. त्यानं मिशीवर ताव दिला, दोर धरला, पाय उचलले. पुढच्या क्षणी हवालदार जमिनीवर आणि दोराचा तुकडा फांदीवर. मग मुकादमानं आणलेला दोर बांधला. त्याला हवालदार झोका घेतल्यासारखा लोंबकळत राहिला आणि खाली उतरायला तयार होईना.

तेव्हा कुठं म्हातारा बोलता झाला. "पानं कुजवाय पाणी न्हाय, साहेब. बाया तशीच ठेचत्यात. वाखात गर ऱ्हातोय आन् दोर आतनं सडतोय."

"मग नापास का केले नाहीत?"

"नापास केलं तर त्या बाईची चूल बंद. पास केलं तर हिरीत माणूस जातंय. प्रभूनं मला मधी उभा केलाय, तर म्या काय करू? माळ्यावर जुना वाख हुता, त्याचं वळत ऱ्हायलो." पुढं म्हणाला, "आता त्यो बी सरला. आज आणलेला दोर शेवटचा."

तेवढ्यात चेअरमन पोचले. "ही फसवणूक आहे. गुन्हा दाखल करा."

"करतो की. आपल्याच किल्लीनं आत जाऊन वाईट माल काढला आणि चांगला ठेवला, याचं कलम सांगा. सरकारला सडका माल पुरवण्याचं कलम मला पाठ आहे. म्हणून दाखवू?"

चेअरमन खाली बसले आणि सोमवारचा ट्रक रिकामा परत पाठवायला कबूल झाले.

पण पाणी कुठून आणायचं? चर्चच्या आवारात एक आड होता. पाणी इतकं मचूळ की गुरंही तोंड लावत नव्हती, पण पानं कुजवायला चालण्यासारखं. शेजारी बाप्तिस्म्याचा हौद कोरडा पडला होता. मुकादम त्या हौदाकडे बघायला लागला तसे पाळकसाहेब म्हणाले, "नाही हं. तो पवित्र आहे."

"व्हय की. आन् हिरीत उतरणारा?"

पाळकसाहेबांनी उघड्या चौथऱ्याकडे पाहिलं, तुटक्या दोराकडे पाहिलं. "उद्या पानं घेऊन या," ते म्हणाले.

केकताड कुजताना जो वास सुटतो तो शब्दांत सांगता येत नाही. त्या दुष्काळात तिथली उपासना नाकाला पदर आणि रुमाल लावूनच झाली. मुकादम तेवढा पहिल्या रांगेत बसून मोकळ्या नाकानं गायचा. त्याची मुकादमी राहिली, बायांची मजुरी राहिली आणि आमची फिर्याद डायरीतल्या एका नोंदीवर मिटली.

त्या प्रकरणानं मला तपासातला एक प्रश्न शिकवला. तोवर मी 'काय गेलं' एवढंच विचारायचो. पुढं 'कुणी काय ठेवलं' हेही विचारत गेलो. पुष्कळ कुलपं त्यानं उघडली.

आणि एक. काही महिन्यांनी, दुष्काळ अजून चालूच होता, सास्तूरकडच्या एका विहिरीत पंचनाम्याला मला स्वतःला उतरावं लागलं. काठावर उभा राहून मी दोर हातात घेतला आणि हळूच नाकाशी नेला. लोकांना वाटलं, फौजदार घाबरला. दोराला त्या हौदाचा वास येत होता. मी टोपी हवालदाराच्या हातात दिली आणि निर्धास्त खाली उतरलो.